महिन्याचं बजेट आणि सोयाबीनचा पैसा

दरवर्षी कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशाचे, राउंड सुरू झाले की गावाकडून कुणा ना कुणाचा मेसेज येतो, ताई पुण्यात महिन्याला किती लागतात? कधी मुलगी स्वतः विचारते, कधी तिचे पप्पा, गेल्या वर्षी तर एका मैत्रिणीच्या मामांनी थेट फोनच लावला आणि मी प्रॅक्टिकलला. आकडा सांगितल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही म्हणून आधी आकडा सांगते. सदाशिव पेठेत तिघींच्या रूममध्ये कॉट बेसिस ३५००, डबा ३२००, लाईट बिलाचा माझा हिस्सा दोनशेच्या आसपास, रिचार्ज तीन महिन्यांचा एकदम मारते तो महिन्याला तीनशे पडतो, पीएमपीएमएलचा विद्यार्थी पास ७५०, आणि वरखर्च आठवड्याला ७००. सगळं मिळून साडेदहा ते अकरा हजार. माझ्यापेक्षा कमीत राहणाऱ्या मुली आहेत, जास्तीत राहणाऱ्या तर भरपूर आहेत. हॉस्टेल मिळालं तर गणितच वेगळं.

आता खरं सांगू का, या आकड्याचा फारसा उपयोग नाही. कारण हा आकडा ज्या घरात एक तारखेला पगार येतो त्या घरासाठी आहे. आमच्याकडे लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या बाजूला, पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. जूनमध्ये सोयाबीन पेरायचं म्हणजे आहे तो पैसा जातो बियाणं-खतात, आणि नेमकं त्याच जून-जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेज, रूम, मेस सगळे हात पसरून उभे असतात. सोयाबीन निघणार सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरात, विकलं की पट्टी येणार, त्यातून हमाली तोलाई कापून उधाऱ्या फेडून जे उरेल ते. मग परत फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा. मध्ये काहीच नाही. आणि मोबाईलवर रील बघायचं तर कोणीतरी गॉगल लावून सांगतंय ५०-३०-२० रूल फॉलो करा, पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के सेव्हिंग. कशाचे पन्नास टक्के भाऊ? ऑगस्टमध्ये माझ्या खात्यात काहीच आलं नाही तर शून्याचे तीस टक्के काढून मी कुठली हौस करू.

त्यामुळे मी महिन्याचं बजेट करतच नाही, वर्षाचं करते. वहीच्या मागच्या पानावर जून ते मे असे बारा रकाने पाडायचे आणि कुठल्या महिन्यात काय जाणार, कुठल्या महिन्यात काय येणार एवढंच लिहायचं. एक्सेलमध्ये केलं तरी चालेल पण मला वही बरी पडते, पप्पांना फोटो पाठवता येतो आणि त्यांना तो कळतो. हे पान बघितलं की एक गोष्ट लगेच दिसते, आपल्याकडे पैसे कमी आहेत हा एक प्रॉब्लेम झाला, पण त्याहून जास्त छळतो तो पैसे भलत्या महिन्यात येण्याचा प्रॉब्लेम. वर्षाची बेरीज जुळत असते आणि तरी ऑगस्टमध्ये बसच्या पासाला पैसे नसतात.

उदाहरण देते. सेकंड इयरला मी रूम बदलली. दोन महिन्यांचं डिपॉझिट ७०००, पहिल्या महिन्याचं भाडं ३५००, डब्याचे ॲडव्हान्स ३२००, कॉलेजची ट्यूशन सोडून बाकीची फी पंधराएक हजार, पुस्तकं फाईली जर्नल दोन हजार. म्हणजे अभ्यास सुरू व्हायच्या आधीच तीस हजारांच्या वर. पप्पांनी तेव्हा नुकतंच खत भरलेलं. हे तीस हजार 'महिन्याला अकरा हजार' या उत्तरात कुठे दिसतात का? नाही दिसत. म्हणून मामांना मी सांगितलं की पहिले तीन महिने वेगळे धरा आणि त्याची सोय मार्चमध्येच करून ठेवा, हरभरा विकला की लगेच. ते म्हणाले बरं. पुढे काय केलं माहीत नाही.

फीबद्दल थोडं, कारण यात फार गैरसमज आहेत. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. आधी ती पन्नास टक्केच होती, मी फर्स्ट इयरला पन्नासवाली होते, सेकंड इयरपासून शंभर झाली. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. आणि माफ झाली म्हणजे सगळं फुकट असं गावात पसरलंय तसं अजिबात नाही, डेव्हलपमेंट फी आणि बाकीच्या बारीकसारीक फिया भरायच्याच असतात, कॉलेजनुसार त्या बदलतात, आणि काही ठिकाणी काउंटरवर बसलेले लोक 'आधी पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ' म्हणतात. असं म्हणाले तर एकटीने वाद घालू नका, चार-पाच जणी मिळून जा, शासन निर्णयाची प्रिंट घेऊन जा आणि जे सांगतायत ते लेखी मागा. लेखी म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो.

महाडीबीटीचा, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलचा, फॉर्म ही वेगळीच साधना आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल, रेशनकार्ड, गॅपवाल्यांना गॅप ॲफिडेव्हिट, सगळं गावाकडे असतानाच मे महिन्यात काढून ठेवायचं. जूनमध्ये सेतूत जी गर्दी असते ती बघूनच घाम फुटतो. दाखल्यावर वैधतेची तारीख असते ती बघा, एप्रिलच्या आधी काढलेला दाखला पुढच्या वर्षाला चालेलच असं नाही. फॉर्म भरल्यावर तो कॉलेज लेव्हलला किती दिवस पडून आहे ते आपणच बघायचं, स्क्रूटिनीसाठी कोणी आपल्याला फोन करत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधार सीडिंग. डीबीटीचे पैसे आपण फॉर्ममध्ये कुठलं खातं लिहिलं यावर जात नाहीत, आधारला शेवटचं जे खातं जोडलंय तिकडे जातात. माझ्या रूममेटची स्कॉलरशिप पोर्टलवर जमा दाखवायची आणि बँकेत काहीच नाही. पासबुक भरून आणलं, दोनदा बँकेत भांडून आली, कॉलेजच्या क्लार्कला बोलली. शेवटी कळलं की तिने सिमकार्ड घेतलं तेव्हा दुकानदाराने अंगठा घेऊन तिच्या नावाचं एक पेमेंट बँकेचं खातं उघडून ठेवलेलं, आणि सगळे पैसे तिथे शांतपणे पडून. तिला वाटलं होतं अंगठा सिमसाठी आहे. हे माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दोन मिनिटात दिसतं, कुठल्या बँकेला जोडलंय ते येतं. आत्ता वाचता वाचता बघून घ्या.

ज्यांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही त्यांच्यासाठी योजना आहेत आणि गावाकडे अर्ध्या लोकांना त्यांची नावंही माहीत नाहीत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६० हजार. एसटी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसी-भटक्या विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, साधारण तशीच. मराठा, ईडब्ल्यूएस वगैरेंना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. जागा मर्यादित, मार्कांची हजेरीची अट, आणि पैसे कधी येतील ते विचारायचं नाही. म्हणून माझ्या वहीत स्कॉलरशिपचा रकानाच नाही. ती आली की मागची उधारी फिटते, बस. 'डिसेंबरमध्ये स्कॉलरशिप येईल' असं धरून ज्यांनी डिसेंबरचं भाडं ठरवलं ते डिसेंबरमध्ये घरमालकीण काकूंची नजर चुकवत जिना चढताना मी बघितलेत.

आता रोजचं. माझी दोन खाती आहेत. एक गावच्या शाखेतलं, त्यालाच आधार जोडलंय, घरचे पैसे आणि सरकारी पैसे तिथेच येतात आणि त्याला मी मुद्दाम यूपीआय जोडलेलं नाही. दुसरं झिरो बॅलन्सचं, त्याला यूपीआय. दर सोमवारी पहिल्यातून दुसऱ्यात ७०० टाकायचे. रूम आणि डबा वेगळे, ते एक तारखेला एकदम जातात, हे ७०० फक्त बाकीच्यासाठी. महिन्याचे २८०० एकदम टाकले तर दहा तारखेपर्यंत आपण राजे आणि वीस तारखेनंतर भिकारी, हे कुठल्याही रूममध्ये जाऊन बघा. आठवड्याचं केलं की वाईटात वाईट म्हणजे शनिवार-रविवार कोरडा जातो, सोमवारी परत पाणी येतं.

यूपीआयने काय झालंय, दहा रुपयांचा चहा, पंधरा-वीसचा वडापाव, पाच रुपयांची झेरॉक्स, सगळं स्कॅन. नोट मोडताना हात जरा थांबतो तसा स्कॅन करताना थांबत नाही. मी एकदा स्टेटमेंट काढलं तर त्यात पानभर चहावाला चहावाला चहावाला, त्याचं पूर्ण नाव मला स्टेटमेंटवरून कळलं. त्यानंतर यूपीआय लाइट सुरू केलं, त्यात आठवड्याला दोनशे टाकते आणि चहा-नाष्टा-झेरॉक्स त्यातूनच, पिन लागत नाही, आणि मोठं स्टेटमेंट स्वच्छ राहतं. लाइटमधले संपले की संपले, त्या आठवड्यात चहा रूमवर. खर्च लिहून ठेवायची ॲप्स मी वापरून सोडली, कोणाला जमत असेल तर उत्तम.

डब्यावर मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण भाड्यात घासाघीस होत नाही पण खाण्यात भरपूर जागा असते आणि नवीन मुली तिथेच लुटल्या जातात. मेसवाले दोन भाव सांगतात, लिमिटेड आणि अनलिमिटेड. पहिल्या आठवड्यात घरची आठवण आणि नवी हवा, सगळ्या अनलिमिटेड लावतात. आपण खातो किती? तीन पोळ्या, फार तर चार. मग डबा. फुल डब्यात पाच पोळ्या, एक सुकी एक रस्सा भाजी, वरण, भात. हाफमध्ये तीन पोळ्या आणि एक भाजी. आमच्या रूममध्ये तिघीत दोन फुल डबे घेतो आणि पोळ्या जास्तीच्या सांगतो, सुट्या पोळीचा भाव वेगळा असतो तो आधीच ठरवून घ्यायचा. कुकर आणि इंडक्शनला काकूंची परवानगी असेल तर भात रूमवर. आमच्या काकूंची नाही, त्यांना लाईटबिल दिसतं.

मग येतो खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करून घेणं. मेस लावताना भाजी कशी आहे हे सगळे विचारतात, खाडा कसा धरता हे कोणी विचारत नाही. काही ठिकाणी सलग तीन दिवस नसाल तरच खाडा, काही ठिकाणी महिन्यात ठराविकच खाडे, आणि बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत सांगितलं तरच. शनिवारी रविवारी गावाला गेलात तर दोनच दिवस होतात, म्हणजे पैसे गेले. म्हणून मी गावाला जाताना शुक्रवार किंवा सोमवार जोडून जाते, तीन दिवस भरतात. आणि खाडा नुसता तोंडी सांगायचा नाही, व्हॉट्सॲपवर टाकायचा, महिनाअखेरीला मेसवाल्या मावशींची वही आणि आपला मोबाईल शेजारी ठेवून हिशोब. त्या चिडत नाहीत, उलट 'बघ बाई तूच' म्हणून वही पुढे सरकवतात. दिवाळीत, सेमच्या सुट्ट्यात मिळून माझे बरेच खाडे होतात आणि ती रक्कम पुढच्या महिन्यात वळती होते, म्हणजे नोव्हेंबरचा डबा बऱ्यापैकी खाड्यांवरच निघतो.

रविवार हा छुपा खर्च आहे. दुपारी फिस्ट असते, मटार पुलाव, पुरी, गुलाबजाम नाहीतर श्रीखंड, सगळे खूश. आणि संध्याकाळी मेस बंद. पेठांमध्ये रविवारी संध्याकाळी सगळी तरुण जनता एकाच वेळी भुकेली होऊन रस्त्यावर येते. शंभर रुपये सहज जातात, महिन्याचे चारशे, आणि मैत्रिणी बरोबर असतील तर दीडशेच्या खाली उठायचं नाव नाही. फिस्टच्या चार पुऱ्या डब्यात टाकून आणणं हे बघायला कसंतरी वाटतं पण आमच्या मेसमध्ये अर्धी मुलं तेच करतात. मी पोहे भिजवते. किटलीतलं गरम पाणी, दाण्याचा कूट, आईची चटणी, कांदा. किटलीला काकूंची परवानगी आहे.

प्रवासात मुलींना तसं बरं आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट, २०२५ च्या जानेवारीत भाडं जवळपास पंधरा टक्के वाढलं तरी अर्ध्यावर ते एवढं लागत नाही. दिवाळीत मात्र ट्रॅव्हल्सच्या नादी लागू नका, नियम आहे एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही असा, आणि रात्री नऊ वाजता बॅगा घेऊन उभं असलेल्या माणसाला तो नियम कोणी दाखवत नाही. एसटीचं रिझर्वेशन आधीच करून ठेवा. पीएमपीएमएलचा साधा महिन्याचा पास जून २०२५ मध्ये ९०० वरून १५०० झाला पण विद्यार्थ्यांचा ७५० वरच आहे, कॉलेजचा सही-शिक्का घेऊन काढा. मेट्रो तुमच्या वाटेवर असेल तर विद्यार्थी कार्डावर तीस टक्के सूट आहे.

पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त घेताना पॅटर्न, म्हणजे कुठल्या वर्षाचा अभ्यासक्रम, ते बघा. विद्यापीठाचा २०२४ पॅटर्न आला आणि आमची २०१९ पॅटर्नची शेवटची बॅच. आम्ही सीनियर्सकडून डिकोड (परीक्षेची गाईडं) आणि पुस्तकं अर्ध्या भावात घेतली, आता आमची घ्यायला खाली कोणी नाही. रद्दीवाला किलोने मागतोय.

आता कॉन्ट्री, म्हणजे वर्गणी. यावर कोणी लिहीत नाही आणि माझ्या मते पोरींचं बजेट इथेच फाटतं. ग्रुपमध्ये बाराजणी, दर महिन्याला कोणाचा तरी वाढदिवस, रात्री बाराला केक, फुगे, गिफ्ट, काढा कॉन्ट्री. दोनशे-दोनशे. त्यात जिचा वाढदिवस तिने परत पार्टी द्यायची. नाही म्हणणं अवघड असतं कारण नाही म्हटलं की पैशाचं कारण समजतं, आणि पैशाचं कारण कोणाला सांगायचं नसतं. एकीने हे फार छान सोडवलं, ती लातूरचीच आहे, तिने सरळ ग्रुपवर टाकलं की माझ्याकडून प्रत्येक बर्थडेला पन्नास, केक कितीचाही आणा. दोन मिनिटं ग्रुप शांत. मग एकेक करून अजून चार जणींनी 'मी पण' टाकलं. म्हणजे त्या चौघींना पण झेपत नव्हतं आणि सगळ्या एकमेकींकडे बघून दोनशे काढत होत्या! आता केक अर्ध्या किलोचा येतो आणि गिफ्ट बंद झालं. दोघी नाराज आहेत, त्यांना इन्स्टावर टाकायला काही राहिलं नाही.

उधारीचंही तसंच. 'अगं टाक ना, रात्री देते' वाल्या रात्री कधी येतच नाहीत. मी शंभरपर्यंत देते आणि विसरून जाते, त्याच्या वर असेल तर भिशीतून घे म्हणते. आमची चौघींची भिशी आहे, महिन्याला पाचशे, चिठ्ठी काढतो पण कोणाला अडचण असेल तर चिठ्ठी न काढता तिला आधी देतो. आईची बचतगटाची सवय आहे ती इथे उपयोगी पडली. दोन हजार काही मोठी रक्कम नाही पण परीक्षेचा फॉर्म, चष्मा फुटला, दात दुखला, अशा वेळी घरी फोन न करता भागतं. एकच नियम, भिशीत अनोळखी माणूस घ्यायचा नाही, मैत्रिणीची मैत्रीण पण नाही.

लोनच्या ॲपवाल्यांबद्दल एवढंच की पाच मिनिटात पाच हजार देणारा तुमची काँटॅक्ट लिस्ट का मागतोय याचा विचार करा. कर्ज देणारी कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते बँकेच्याच साइटवर दिसतं, आणि कोणी धमक्या द्यायला लागलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, लाजायचं नाही. मुलांच्या रूमवर वेगळीच साथ आहे. आधी आयपीएलच्या टीम लावायचे, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ते पैशाचे गेम बंद झाले तर आता शेअर बाजारातले ऑप्शन. मोबाईल हातात, लेक्चर चालू, आणि हा कॉल पुट करतोय. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचाच अभ्यास आहे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षात एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला, सरासरी दोनेक लाखांचा. आमच्या वर्गातला प्रत्येक जण स्वतःला उरलेल्या सातात धरतो.

यंदाचं सांगते, कारण वही कितीही नीट भरली तरी एखादं वर्ष असं येतं. २०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी बघितला. आमचं सोयाबीन उभंच पाण्यात होतं, जे निघालं ते डागी, त्याला भाव काय मिळणार. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ होता, पण तो चांगल्या मालाला. म्हणजे ऑक्टोबरचा रकाना, ज्याच्यावर जानेवारीपर्यंतचं सगळं होतं, तो जवळपास रिकामा. पप्पा फोनवर म्हणतात पुरतात का गं पैसे, मी म्हणते हो पुरतात, तेही समजतात मीही समजते, आणि मग आम्ही म्हशीबद्दल बोलतो.

तेव्हा आम्ही डब्याचं बदललं, तिघीत दोनचं जे वर लिहिलंय ते तेव्हापासूनचं. पास काढला नाही, येताना चालत, जाताना बस. आणि एक शिकवणी धरली, कोथरूडला सातवीतला मुलगा, गणित आणि विज्ञान, महिन्याला दोन हजार. मुलगा हुशार आहे पण त्याला अपूर्णांकांचा राग आहे. त्याची आई रोज काहीतरी खायला देते, आधी नको नको म्हणायचे, आता म्हणत नाही. कमवा आणि शिका योजनेची पण चौकशी केली, विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने आहे, कॉलेजमध्येच लायब्ररीत वगैरे तासाच्या हिशोबाने काम मिळतं. पण अर्ज वर्षाच्या सुरुवातीला असतात आणि मी गेले नोव्हेंबरमध्ये, शिवाय इंजिनिअरिंगच्या टाइमटेबलमध्ये ते तास बसवणं कठीण. बीए-बीकॉमवाल्यांनी जुलैमध्येच विद्यार्थी विकास मंडळाच्या सरांना गाठा. लायब्ररीत पुस्तकं लावण्यात कमीपणा वाटणारे बरेच भेटले मला. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत काढली तेव्हापासून या महाराष्ट्रात पोरं हातानं काम करूनच शिकलीयेत, त्यात कमीपणा कसला ते मला तरी अजून कळलेलं नाही.

शिकवणीचे पैसे आले की मी ते त्याच गावच्या शाखेतल्या खात्यात टाकते, यूपीआयवाल्यात नाही. हरभरा आता निघालाय, बरा आहे म्हणतात पप्पा, पट्टी आली की पुढच्या जूनचे बाजूला काढायचे असं ठरलंय आणि त्यांनी ते आईकडे द्यायचं कबूल केलंय, आईकडे गेलेला पैसा परत खतात जात नाही.

राहता राहिला मे महिना. परीक्षा झाली की मी दीड महिना गावाला असणार, आणि कॉट धरून ठेवायची तर भाडं द्यावंच लागतं, सोडली तर जूनमध्ये परत शोधाशोध आणि नवीन डिपॉझिट, जुन्यातून रंगाचे पैसे कापून. काकू म्हणतात पूर्ण द्या, मी म्हटलं लाईट नाही पाणी नाही, हजार देते. त्या अर्ध्यावर आल्यात. एप्रिलपर्यंत बाराशेवर आणायचा विचार आहे, वरच्या मजल्यावरच्या मुली पण माझ्या बाजूने बोलणारेत.